वेदीला हात लावण्याआधी

एखाद्या जुन्या देवस्थानाचा 'जीर्णोद्धार' होणार, असं कानावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. कोल्हापूर जिल्ह्यात वावरणाऱ्याला त्याचं कारण सांगायला नको. गावोगावची काळ्या दगडाची देवळं बघा. दगडावर ऑइल पेंट, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या टाइल्स, दीपमाळेला चंदेरी रंग, लाकडी सभामंडपाच्या जागी स्लॅब आणि दारात देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी. सगळं श्रद्धेने केलेलं असतं. लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिलेले असतात. त्यामुळे कुणी काही बोलतही नाही.

मी कॅथलिक आहे आणि पेशाने स्थापत्य अभियंता. जे देवळांचं झालं तेच आता आमच्या चर्चचं होताना पाहते आहे, म्हणून हे लिहायला बसले. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आमच्या जुन्या चर्चना पावसाने आणि पुराने जेवढं झिजवलं नाही, तेवढं आमच्या हौसेने झिजवलं आहे. पाडून नवं बांधायला पैसा उभा राहतो, जुनं नीट ठेवायला राहत नाही. म्हणून चर्चच्या वास्तूला छिन्नी लावण्याआधी तिची मोजमापांसह नोंद, जाणकाराचा लेखी अभिप्राय आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कुटुंबांच्या, सभेत उघड चर्चा, एवढं झाल्याशिवाय कामाला हात लागूच नये. हा नियम धर्मप्रांतांनी, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागांनी, स्वतःहून करावा. आणि शहराने वारशाची भाषा बोलताना या वास्तूंकडेही बघावं.

कोल्हापुरात 'चर्च' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रॉटेस्टंट चर्च येतं, आणि ते साहजिक आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च कोल्हापूरकरांना माहीत असतं. आम्हा कॅथलिकांना शहर ओळखतं ते शाळांमुळे : होली क्रॉस, सेंट झेवियर्स. आमच्या शाळांत शिकून मोठ्या झालेल्या कितीतरी माणसांनी आमचं चर्च आतून कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे तिथे काय मोडलं, काय गेलं, याची बाहेर चर्चा होत नाही. आणि आम्ही संख्येने इतके थोडे की आतही होत नाही.

दोन्ही चर्चच्या रचनेत मुळात फरक आहे. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वचन नीट ऐकू येणं ही पहिली गरज, म्हणून नजर उपदेशाच्या व्यासपीठाकडे जाते. कॅथलिक चर्च वेदीभोवती उभं असतं. दारात पवित्र पाण्याचं कुंड, मग बाकांच्या दोन रांगांमधून सरळ वाट, दोन-तीन पायऱ्या, वर वेदी. वेदीमागे संतांच्या मूर्तींचं मखर, ख्रिस्तप्रसाद ठेवण्याची पेटी आणि तिच्याशेजारी अखंड तेवणारा दिवा. बाजूच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रं. ज्याला देऊळ कळतं त्याला ही चाल नव्याने शिकवावी लागत नाही. बाहेरच्या उन्हातून सावलीत, सावलीतून वेदीच्या उजेडाकडे, असा तो प्रवास असतो. ही चाल मोडली की चारही भिंती शाबूत राहिल्या तरी चर्च उरत नाही, सभागृह उरतं.

आईचं माहेर घाटमाथ्यावर, आजरा-चंदगडच्या पट्ट्यात. तिथली ख्रिस्ती घरं गोव्याहून वर आलेली. चुलीपाशी कोंकणी आणि बाजारात मराठी. आजी चर्चला 'इगर्ज' म्हणायची. गावाचं नाव देत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. छोटंसं चर्च होतं, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, लाकडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि त्यावर मंगलोरी कौलं. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. प्रॉटेस्टंट मिशनने आणलेली कौलं कॅथलिक वेदीवर सावली धरतात, हे मला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं आणि फार आवडलं होतं.

त्या चर्चचं मखर फणसाच्या लाकडाचं होतं. दोन्ही बाजूंच्या खांबांवर वेल चढवलेला. कॅथलिक कोरीवकामात वेल म्हटला की तो द्राक्षाचा, कारण 'मी खरा द्राक्षवेल आहे' हे येशूचं वचन. पण त्या सुताराने द्राक्षवेल जन्मात पाहिलेला नसावा. त्याने कोरलेली पानं तोंडलीच्या वेलाची होती. परसातल्या मांडवावर रोज दिसणारी पानं त्याने जशीच्या तशी घेतली, देठाजवळचा मुरडलेला ताणासुद्धा सोडला नाही. फळं मात्र त्याने ऐकीव माहितीवरून घोसाने लावली. तोंडलीच्या वेलाला द्राक्षाचे घोस. आजीबरोबर मिस्साला, म्हणजे वेदीपाशी होणाऱ्या उपासनेला, बसले की मी तो वेल खालून वर मोजत जायची. पाचव्या पानावर एक किडा कोरलेला होता. तो किडा त्या माणसाने का कोरला असेल, याचा विचार मी अजूनही करते.

काही वर्षांपूर्वी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, गेले तेव्हा मखर नव्हतं. त्या जागी छतापर्यंत चकचकीत संगमरवर, मध्ये स्टीलचा क्रूस आणि क्रुसामागे निळे दिवे. पूर्वेची खिडकी विटांनी बुजवलेली, कारण संगमरवराला सलग भिंत हवी होती. मखराचं काय झालं म्हणून विचारलं, तर दोन फळ्या मागच्या खोलीत मिळाल्या, बाकीचं वाळवी लागली म्हणून विकलं होतं. फादर तरुण होते, मनाने चांगले होते. ते म्हणाले, "लोकांनीच मागितलं." ते खोटं नव्हतं. वर्गणी माझ्या मामांनीही दिली होती. मी तिथे काही बोलू शकले नाही, आणि त्याची बोच आहे म्हणूनही हा लेख आहे.

बुजवलेल्या खिडकीबद्दल थोडं अधिक. चर्चची वेदी पूर्वेला ठेवण्याची रीत फार जुनी आहे. उगवता सूर्य हे पुनरुत्थित ख्रिस्ताचं चिन्ह, म्हणून भाविक आणि धर्मगुरू मिळून पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करत. सगळीच चर्च तशी नसतात, पण जिथे असतात तिथे सकाळच्या मिस्साच्या वेळी उजेड मागून येऊन वेदीवर पडतो. कोल्हापूरच्या माणसाला याचं महत्त्व मी काय समजावणार? दरवर्षी ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत कशी पोहोचतात, पायांवरून वर कशी सरकतात, हे बघायला आपण गर्दी करतो. किरणांच्या वाटेत कुठली इमारत आली, कुठली पाण्याची टाकी आली, यावर या शहरात मोजमापं झाली, वाद झाले. उजेडाची वाट हा वास्तूचाच भाग असतो आणि ती अडवणं म्हणजे वास्तू मोडणं, हे कोल्हापूरला ठाऊक आहे. मग चर्चची पूर्वेची खिडकी विटांनी बुजली तर त्याचंही दुःख व्हायला हवं.

अशा मोडतोडीचं समर्थन करताना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचं, नाव हमखास पुढे येतं. परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली, मिस्सा लोकभाषेत आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून वेदीपाशी उभे राहू लागले. त्यामुळे जुन्या भिंतीलगतच्या वेद्या काढाव्याच लागल्या, असं सांगितलं जातं. मी ही कागदपत्रं वाचली आहेत. १९६४ च्या सूचनापत्रात एवढंच म्हटलं आहे की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणं बरं, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा करता येईल. जुनी फोडा, असं त्यात नाही. अनेक ठिकाणी शहाण्या फादरांनी जुनं मखर जागेवर ठेवून पुढे साधी लाकडी वेदी मांडली आणि काम भागलं. उलट उपासनेविषयीचं जे संविधान परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर केलं, त्यात पवित्र वस्तू आणि मोलाच्या कलाकृती हातच्या जाणार नाहीत याची काळजी बिशपांवर टाकली आहे. त्याच संविधानात पवित्र कलेबाबत नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याकडे लक्ष द्या, असंही सांगितलं आहे. निळे दिवे यात कुठे बसतात ते ज्याने त्याने ठरवावं.

चर्चचा स्वतःचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं १२१६ वं कलम चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना जाणकारांचा सल्ला घ्यायला सांगतं. ११८९ व्या कलमानुसार प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मोलाच्या ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती बिशपांसारख्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय करताच येत नाही, आणि त्यांनीही ती जाणकारांना विचारूनच द्यायची आहे. १२८३ व्या कलमात सांस्कृतिक मोलाच्या वस्तूंची नेमकी यादी करून ठेवण्याची जबाबदारी आहे. मी सुचवते त्यात नवीन काही नाही. हे सगळं आधीच लिहिलेलं आहे, फक्त सभेच्या टेबलावर कुणी ठेवत नाही. आमच्या किती धर्मग्रामांत अशी यादी अद्ययावत आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या फादरांना आदराने पण नक्की विचारावा.

आता जी मोडतोड कुणाला मोडतोड वाटतच नाही तिच्याविषयी. शहरातल्या एका चर्चमध्ये मला ओल बघायला बोलावलं होतं. काळ्या दगडाची भिंत, आतून गिलावा, आणि जमिनीपासून छातीपर्यंत पांढरी बुरशी आल्यासारखे चट्टे. समितीच्या मंडळींनी तीनदा सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, दोनदा वॉटरप्रूफ रंग मारला होता. दर पावसाळ्यानंतर पोपडे निघायचेच. मी बरोबर एका वयस्कर गवंड्यांना घेऊन गेले होते. त्यांनी छिन्नीने पोपडा उडवला, आतलं चिमूटभर भुकटं बोटांवर चोळलं आणि म्हणाले, "ताई, आतलं शिमीट न्हवं, चुना हाय. ह्याच्यावर शिमीट मारून भितीचं नाक दाबलंय."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. काळा दगड पाणी फारसा पीत नाही. जमिनीतून चढणारी ओल दगडांच्या सांध्यांतून चढते. सांधे चुन्याचे असतील तर ती ओल चुन्यातून हळूहळू बाहेर पडते आणि उन्हाळ्यात भिंत वाळते. चुना भिंतीच्या मानाने मऊ, त्यामुळे झिजायचं ते त्याचं झिजतं, दगडाला काही होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) पुन्हा भरल्या की झालं. सिमेंटने दर्जा भरल्या आणि वर गिलावा चढवला की ओलीला बाहेरची वाट उरत नाही. ती वर चढत जाते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात, आणि ते फुगून गिलावा आतून लोटतात. पांढरे चट्टे ते हेच. माणसाला वाटतं भिंत कुजली. मग कुणीतरी म्हणतं, इमारतच जुनी झाली, पाडू या. ज्या इमारतीने इतका काळ तक्रार केली नाही ती तीनदा सिमेंट खाऊन आजारी पडते, आणि दोष तिच्या वयाला लागतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाणी शिरलेल्या बऱ्याच जुन्या घरांच्या भिंती मी पाहिल्या. चुन्यात बांधलेल्या, वर चुन्याचाच हात दिलेल्या भिंती पुढच्या उन्हाळ्यात खडखडीत झाल्या. सिमेंट चढवलेल्या जुन्या भिंती वर्षभराने हात लावला तरी थंड लागत होत्या.

चुना आता मिळत नाही, करणारे उरले नाहीत, असं मला नेहमी ऐकवतात. कळीचा चुना मिळतो. विरवायला दिवस लागतात, घाई चालत नाही, हे खरं. चुना मळायची दगडी घाणी, गोल खोबणीत फिरणारं ते जड चाक, आपल्या किल्ल्यांवर मुलं त्यात बसून फोटो काढतात. चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायची पद्धत इथलीच. गुळाच्या गावाने चुन्याला गूळ मिळत नाही म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. जाणते गवंडी कमी उरलेत, म्हणून तर आत्ताच काम द्यायला हवं. दोन तरुण पोरं त्यांच्या हाताखाली शिकली तर पुढच्या दर्जा भरायला माणूस असेल.

फसवा सल्ला जाणकाराच्या तोंडूनही येऊ शकतो, हेही मान्य करायला हवं. जुन्या गोव्याचं बॉम जेझू बासिलिका सगळ्यांना माहीत आहे, फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव तिथे आहे. १५९४ मध्ये काम सुरू झालं, १६०५ मध्ये अभिषेक झाला. आज ते बाहेरून तांबूस, उघड्या जांभ्याचं दिसतं आणि पर्यटकांना वाटतं, असंच ते पूर्वीपासून असणार. तसं ते नव्हतं. बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, वास्तू अधिक पुरातन दिसावी म्हणून तो काढला गेला. जांभा सच्छिद्र, गोव्याचा पाऊस तो तेव्हापासून उघड्या अंगावर घेतो आहे. जुन्या गोव्यातली ही चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तरी ती एक चूक अजून निस्तरलेली नाही. म्हणून मी अभिप्राय लेखी मागते, आणि एकाचाच असू नये म्हणते. आजरा-चंदगडकडच्या चिऱ्यांच्या चर्चवरचा गिलावा काढून 'नॅचरल लुक' देण्याची टूम निघाली आहे, त्यांनी तर हे नक्की ध्यानात घ्यावं.

जागा पुरत नाही, ही अडचण खरी असते. पण कधी पुरत नाही ते बघू या. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा, पुनरुत्थानाचा सण, फेस्त, एखादं मोठं लग्न किंवा अंत्यविधी. एरवीच्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात. दिवाळीला पाहुणे येतात म्हणून कुणी राहतं घर पाडून मंगल कार्यालय बांधत नाही. नाताळची मिस्सा अंगणात मांडव घालून केली तर थंडीत उभं राहून गायलेली गाणी मुलांना जन्मभर आठवतात, मला आठवतात. आणि खरोखरच धर्मग्राम वाढला असेल तर शेजारच्या जागेत नवं बांधा, जुन्याला रोजच्या मिस्साचं, आराधनेचं चर्च म्हणून ठेवा. मी नव्याच्या विरोधात नाही. दादरचं पोर्तुगीज चर्च चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात नव्याने रचलं. वर निमुळती होत जाणारी काँक्रीटची कवचं, त्यांच्या तोंडातून खाली उतरणारा उजेड, मधली अंगणं. तिथे बसलं की कळतं, नव्या सामानातही वेदीकडची चाल सांभाळता येते. त्यासाठी विचार करणारा वास्तुविशारद लागतो. हॉलचा तयार नकाशा आणून त्यावर क्रूस उभारून ते होत नाही.

उकाड्याची तक्रार मला सर्वात जास्त पटते, म्हणून तिचं उत्तर लगेच देते : पीओपीचं खोटं छत काढा. कौलांखालची उंच पोकळी गरम हवा वर ओढून घेते आणि दर्शनी भिंतीतल्या वरच्या झरोक्यांतून बाहेर टाकते. खोटं छत ती वाटच बंद करतं. गाण्याचा आवाजही त्यानेच मेला, आणि मग स्पीकर आले.

'चर्च म्हणजे माणसं, दगडविटा नव्हेत,' हा आक्षेप मात्र वेगळ्या तोलाचा आहे, कारण तो श्रद्धेतून येतो. आणि तो बरोबर आहे. माझी श्रद्धा मखरावर नाही. गरिबांच्या पोरांची फी थकलेली असताना चर्चच्या कौलांवर खर्च करावा का, असं एका सिस्टरांनी मला विचारलं होतं, आणि मी बराच वेळ गप्प होते. माझं उत्तर आजही पूर्ण नाही. एवढं सांगते की जीर्णोद्धाराच्या खर्चाच्या मानाने दुरुस्ती फार स्वस्त असते, आणि गरिबांची आठवण आपल्याला नेमकी दुरुस्तीच्या वेळी होते, संगमरवराच्या वेळी होत नाही.

माणसं आणि वास्तू यांचा संबंध बघायचा असेल तर जुन्या गोव्यातच सेंट ऑगस्टिनचे अवशेष बघा. पोर्तुगीज सरकारने १८३४ नंतर धर्मसंघांना बाहेर काढलं, १८३५ मध्ये ते चर्च ओस पडलं आणि १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. माणसं गेल्यावर सात वर्षांत छत खाली आलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलेला ४६ मीटरचा मनोरा आज लोक मान वर करून बघतात. वास्तूला माणसं लागतात, रोज दार उघडणारी, गळकं कौल दिसलं की ओरडणारी. आणि माणसांनाही वास्तू लागते. माझ्या आजीची पणजी ज्या पायरीवर गुडघे टेकायची तिथला दगड मध्ये खोलगट झाला होता. त्या खळग्यात माझे गुडघे बसायचे. ती पायरी संगमरवराखाली गेली. प्रार्थना मी आता कुठेही करू शकते, पण त्या पाच बायकांच्या मागे सहावी म्हणून करू शकत नाही.

पैशाचं बोलू या, कारण गाडी तिथेच अडते. आमच्याकडे नव्या बांधकामाला देणगी देणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. शाकारणीला पैसे देणाऱ्याचं नाव कुठे असतं? मे महिन्यात कौलं उतरवून, फुटकी बदलून, रिपा बघून पुन्हा चढवणं, हेच कौलारू चर्चचं खरं संरक्षण. त्याला ना उद्घाटन ना फोटो. म्हणून ते राहून जातं, एक वासा कुजतो, मग कैची, मग सगळं छप्पर. माझी सूचना अशी : प्रत्येक धर्मग्रामाने शाकारणी आणि चुन्याच्या कामासाठी वेगळा निधी ठेवावा, त्याला इतर कशासाठीही हात न लावता. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक मंडळ असतंच, त्याने हा हिशेब वर्षातून एकदा मिस्सानंतर वाचून दाखवावा. आणि पाट्या लावायच्याच असतील तर शाकारणीला पैसे देणाऱ्यांच्या लावा.

शहराच्या आणि सरकारच्या भूमिकेविषयी बोलताना मला जपून बोलावं लागतं. आम्ही थोडे आहोत. वारसा यादीत नाव गेलं की उद्या सरकार मालमत्तेत हात घालेल, अशी भीती आमच्या सभांमध्ये दबक्या आवाजात बोलली जाते, आणि गेल्या काही वर्षांत ती वाढली आहे. भीतीला वेड्यात काढून ती जात नाही. पण वस्तुस्थिती अशी की यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिथे प्रार्थनास्थळं श्रेणीत आहेत आणि प्रार्थनाही चालू आहे. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा करताना ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा जपण्याची सोय आहे. आम्ही आपल्या वास्तूचे नकाशे, मोजमापं, फोटो स्वतः तयार करून ठेवले तर यादीत जायचं की नाही हे ठरवताना आमच्या हातात काहीतरी असेल. महापालिकेनेही नवा राजवाडा आणि टाऊन हॉल यांच्यापलीकडे बघावं. त्या वास्तुविशारद चार्ल्स मांट यांच्या भव्य इमारती, त्यांना बोलणारे पुष्कळ आहेत. छोट्या चर्चला, मशिदीला, बस्तीला कुणी बोलणारं नाही. शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करताना ख्रिस्ती मुलांनाही विसरलं नव्हतं. त्यांच्या शहराकडून एवढी अपेक्षा करणं जास्त नाही.

आणि दुसऱ्याचं जपण्याचा धडा या भागाला परका नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा टांगली आहे तिच्यावर मारिया माता आणि बाळ येशू आहेत आणि १७०७ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यातली ती एक. लूट म्हणून आली, खरं आहे. पण तिच्यावरची मूर्ती कुणी घासून काढली नाही, वितळवून भांडी केली नाहीत. महादेवाच्या दारात तिचा मान राहिला. मी शाळेच्या सहलीत ती पहिल्यांदा पाहिली, मैत्रिणींनी मला पुढे ढकलून विचारलं, "ही तुमची ना?" मी हो म्हणाले. आता विचारलं तर म्हणेन, आपली.

आमच्या धर्मग्रामात गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही सहाजणांनी मोजमाप सुरू केलं आहे. टेप, वही, मोबाइल आणि दोन कॉलेजची पोरं. प्रत्येक बाक, प्रत्येक मूर्ती, दारांच्या बिजागऱ्या, फरशीतले थडग्याचे दोन दगड, सगळ्याला क्रमांक. फादरांनी सुरुवातीला हसून परवानगी दिली होती, आता स्वतः टेपचं टोक धरतात. एकशे बारा नोंदी झाल्या. एकशे तेरावी घंटेची आहे आणि ती अर्धी राहिली आहे. घंटेच्या काठावर अक्षरं आहेत, खालून दिसतात, वाचता येत नाहीत. लॅटिन असावं किंवा पोर्तुगीज. आमच्याकडची शिडी चार फुटांनी कमी पडते. ज्यांच्याकडे लांब शिडी असेल किंवा ती अक्षरं वाचता येत असतील, त्यांनी कुठल्याही रविवारी सकाळच्या मिस्सानंतर यावं. दार दुपारपर्यंत उघडं असतं.